बालसंगोपन, सर्वांगीण (शहापूर–मुरबाड)

मुलाचे पोषण, आजारापासून संरक्षण, जिव्हाळा, सुरक्षितता आणि शिक्षण यांचा एकत्र विचार करणारी बालआरोग्याची पद्धती. केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आहे.

प्रदेश : ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर व मुरबाड हे डोंगराळ तालुके. मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूरसाठी जवळचे स्थानक. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व वारली समाजांचे पाडे या भागात विखुरलेले आहेत. कातकरी समाजाची नोंद विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. तानसा व भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तरीही उन्हाळ्यात येथील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. पाण्यासाठी आईला तासन्‌तास घराबाहेर राहावे लागले की तान्ह्याचे दूध चुकते आणि अशुद्ध पाण्याने जुलाब लागले की खाल्लेले अंगी लागत नाही. त्यामुळे पाणीटंचाई हा येथे बालआरोग्याचाही प्रश्न आहे.

परंपरा : सर्वांगीण बालसंगोपनाच्या विचाराला जुन्या ठाणे जिल्ह्यातच प्रत्यक्ष रूप मिळाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. (ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरवले. तिथे आधी स्वच्छता, मग खाऊ, गाणी, खेळ आणि त्यातूनच शिक्षण असा क्रम होता. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

यंत्रणा : २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालापूर्व शिक्षण आणि पोषण-आरोग्य शिक्षण या सहा सेवा आहेत. गावात त्या अंगणवाडीमार्फत पोहोचतात. दंडाचा घेर ११.५ सेंमी.पेक्षा कमी भरल्यास सहा महिने ते पाच वर्षांचे मूल तीव्र कुपोषित मानतात. ग्राम बाल विकास केंद्रात त्याला विशेष आहार देतात आणि आजार गुंतागुंतीचा असल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. अनुसूचित क्षेत्रात संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडमधील काही गावे येतात. तेथे २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे ताजे, चौरस जेवण मिळते. पुढे लहान मुलांसाठी अंडी किंवा केळी यांची भर पडली. नाचणी, वरई आणि पावसाळ्यातील टाकळा, कुर्डू, करटोली या रानभाज्या हे येथील घरचे पोषणधन होय.

स्थलांतर : भातकापणी उरकली की दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या काळात वजनाची नोंद एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी अशी स्थिती होते. लसीची पुढची मात्रा चुकते, आहार तुटतो, शाळा सुटते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवून या तुटीवर उपाय शोधला. शाळेने मुलांमागे जावे हे कोसबाडचे तत्त्वच त्यात दिसते. राज्य शासनानेही स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली आणली आहे.

मूल्यमापन : योजना पुष्कळ असल्या तरी आहार, औषध, पाणी, रोजगार आणि शाळा यांची खाती वेगळी आहेत, मुलाचे शरीर मात्र एकच आहे. म्हणून बरे होऊन घरी आलेले मूल पुढच्या भट्टीच्या हंगामातही वजन टिकवते का, ही या पद्धतीची खरी कसोटी होय. त्यासाठी रोजगार हमीची कामे दिवाळीपूर्वी गावातच सुरू होणे, पाड्याला बारमाही पाणी मिळणे आणि अंगणवाडी सेविकेला पुरेसे मानधन मिळणे, हेही बालआरोग्याचेच उपाय ठरतात.