आखीव मुरुड

दापोली तालुक्यातल्या मुरुडला आलेला प्रवासी कॅमेरा बाहेर काढतो तो समुद्रासाठी. पण किनाऱ्याकडे पाठ करून तो गावात शिरला, तर चौकटीत वेगळंच काही भरू लागतं. किनाऱ्याला समांतर जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे, त्यांच्यामागे उतरत्या कौलांची घरं आणि घरामागे आगर. रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं की दोन्ही गडगे दूरवर एका बिंदूत मिळताना दिसतात.

या रेषा ठरवून आखलेल्या आहेत.

मुरुडचेच सुपुत्र रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (1833–1889) यांनी गावाच्या वसाहतीची हकीकत सांगणारा एक जुना कागद अभ्यासला आणि 1860च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. एका सिद्धपुरुषाने शिष्यांसह येऊन हे गाव वसवलं, अशी इथली परंपरा. आधी सीमा ठरल्या, देवळाची, रस्त्याची, गायरानाची जागा नेमली गेली, मग घरं उभी राहिली. कोकणातल्या एका खेड्याची मांडणी इतक्या आधीपासून कागदावर सापडावी, हे विलक्षणच.

रेषा जमिनीच्या वाटणीतून आल्या, तर वर्तुळं पाण्यातून. विहिरीवर रहाट, त्याला जुंपलेला बैल गोल फिरे, लोट्यांची माळ वर येई, पाणी पाटातून धावे आणि प्रत्येक माडापोफळीच्या आळ्यात थांबे. रहाटांची जागा पंपांनी घेतली, आळी मात्र गोलच राहिली. नव्या लागवडीत चौरसही आला आहे. पोफळीसाठी शिफारस केलं जाणारं अंतर 2.7 मीटर बाय 2.7 मीटर, म्हणून नव्या आगरात कोपऱ्यावरून पाहिलं की खोडांच्या तिरप्या रांगाही सरळ दिसतात. या रेषा-वर्तुळांखेरीज ग्रामदेवता दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव लाकडी खांबही जवळून टिपण्यासारखे.

आखीव रेषांच्या याच गावात महर्षी धोंडो केशव कर्वे वाढले. पुढे 1891पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, आणि ‘आत्मवृत्ता’त मुरुडविषयी आस्थेने लिहिलं.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनारपट्टीवरची माडापोफळीची आगरं आडवी केली. ज्या रांगा उभ्या राहायला पिढ्या लागल्या, त्या काही तासांत मोडल्या. त्याआधी पर्यटकांनी सहज टिपलेले फोटो आता गावाच्या उपयोगाचे आहेत: कुठे किती झाडं होती, गडगा कुठून जात होता, कौलं कुठवर उतरत होती, हे त्यांत दिसतं. म्हणून मुरुडला जाणाऱ्याने समुद्राबरोबर रस्त्याचाही एक फोटो घ्यावा, त्यावर तारीख आणि दिशा नोंदवावी, आणि त्याची एक प्रत गावात कुणाकडे तरी ठेवून यावं.