वर्गणी कोण गोळा करणार?

शीवमधल्या एका छोट्या डाव्या मासिकाच्या बैठकीत यंदा प्रश्न निघाला : वर्गणीदार वाढवायला पगारी संघटक नेमावा का? काहींना ‘पगारी’ हा शब्दच खटकला. चळवळीच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे, असा सूर होता. मला हे सोवळे पटत नाही. पगार कोणाच्या पैशातून निघतो, हा खरा प्रश्न आहे आणि मुंबईत तो शंभर वर्षे जुना आहे.

लेनिनने 1901 मध्येच ‘इस्क्रा’त मांडले होते की, वृत्तपत्र संघटकाचेही काम करते आणि त्यासाठी अंक पोचवणाऱ्या, बातम्या आणणाऱ्या माणसांचे जाळे लागते. आपल्याकडे सुरुवात वेगळी झाली. श्रीपाद अमृत डांगे यांनी ऑगस्ट 1922 मध्ये ‘सोशालिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले. पाठबळ रणछोडदास भवान लोटवाला यांचे, म्हणजे एका पीठगिरणीच्या मालकाचे. त्यांच्या सद्हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण खिसा एकच होता, आणि परळ-लालबागच्या कामगाराला इंग्रजी अंकाचा उपयोग तो काय?

1927 मध्ये एका महिन्याच्या अंतराने मुंबईत दोन मराठी पत्रे निघाली. 3 एप्रिलला डॉ. आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ आणि मे महिन्यात कामकरी-शेतकरी पक्षाचे ‘क्रांती’. ‘क्रांती’ला पुढच्याच वर्षी सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप लाभला. चाळीत एकाने वाचायचे, दहांनी ऐकायचे, असा तो काळ. गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्यांमुळे खात्याखात्यात माणसे उभी राहिली. 20 मार्च 1929 रोजी मीरत खटल्याची धरपकड झाली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर आत गेले आणि त्यांच्या पत्राचे अंक सरकारी पुरावा झाले. आरोपींची नावे आज सहज सापडतात. खात्यात फिरून अंक खपवणाऱ्याचे नाव कोण लिहून ठेवणार?

‘बहिष्कृत भारत’मागे अशी युनियन नव्हती आणि वाचकवर्ग मुंबईतला सर्वांत गरीब. संपादकच अंकाचे रकाने भरत होता, तेही वेतनाशिवाय. अखेर पत्राच्या कर्जाचा हिशेब त्याला अग्रलेखातून वाचकांपुढे ठेवावा लागला. कायदेमंडळ, वकिली, महाडचा सत्याग्रह सांभाळून आंबेडकरांनी वर्गणीसाठीही लिहायचे! दारोदार हिंडणारा एक पोटभर पगाराचा माणूस असता, तर तो वेळ लेखनाला मिळाला असता, असे मला वाटते. 1929 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ बंद पडले.