दार उघडण्याआधी दप्तर : कर्जात अडकलेल्या घराच्या चौकशीचा इतिहास

१/ ताथवड्यातील एका सदनिकेवर साठ लाखांचे कर्ज शिल्लक आहे आणि बाजारात तिला पंचावन्न लाखच मिळतात, असे समजू. मालकाचे हप्ते थकले आहेत. बँकेने पाच लाखांवर पाणी सोडले, तरच घर विकले जाईल. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर अशी विक्री ‘शॉर्ट सेल’ या नावाने सर्वपरिचित झाली. आपल्याकडे तिच्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. बँकेशी एकरकमी तडजोड आणि तिची लेखी संमती, हाच मार्ग. असे घर ग्राहकाला दाखवण्याआधी काय तपासावे, या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. #थ्रेड

२/ मराठेशाहीत वतन किंवा मिरासी जमीन विकणे ही केवळ दोघांमधली बाब नव्हती. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला बसत. कुणबी सहीऐवजी नांगराची निशाणी करी. त्या जमिनीवर कोणाचा हक्क आहे, कोणाचे देणे आहे, हे ज्यांना ठाऊक असे तेच साक्षीदार असत. म्हणून दोष लपवणे अवघड होते. चौकशी आणि विक्री एकाच बैठकीत होई.

३/ इंग्रजी अमलात गावाची साक्ष मागे पडली आणि सावकाराचे खत व दिवाणी न्यायालय पुढे आले. खतात काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्यालाच कळत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. लोकांचा रोख सावकारांच्या कर्जखतांवर होता. कागद जाळला की कर्ज संपते, इतकी कागदाची सत्ता वाढली होती.

४/ त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे, अशी तरतूद झाली. न्यायालयाला खताच्या पलीकडे जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार मिळाला. दिसणारा कागद आणि खरा व्यवहार वेगळे असू शकतात, ही कायद्याने दिलेली कबुली होती.

५/ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रेत्यावर मालकीहक्कातील दोष सांगण्याची जबाबदारी टाकली. पण सामान्य दक्षतेने खरेदीदाराला जो दोष सापडला नसता, तेवढ्यापुरतीच. त्याच कायद्यात एक फटही राहिली. मूळ दस्तऐवज धनकोकडे ठेवून केलेल्या गहाणाला नोंदणीची सक्ती नव्हती. ही सवलत आधी मुंबई, कोलकाता, मद्रास अशा व्यापारी शहरांपुरती होती. पुढे अधिसूचनांनी तिचा विस्तार झाला. आजची बहुसंख्य गृहकर्जे याच पद्धतीची आहेत.

६/ १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. फेरफार आणि सातबारा यांचा पाया तिथला. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा दिसतो. मात्र ही नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानायची, इतकेच.

७/ २००९ मध्ये ताथवडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि हिंजवडीच्या शेजारच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. इथे जुने दप्तर अपुरे पडते. सातबारा जमिनीची कहाणी सांगतो, सातव्या मजल्यावरील सदनिकेच्या कर्जाची नव्हे. सूची क्रमांक २ मध्ये नोंदवलेले दस्त दिसतात; नोंदणीविना झालेले गहाण तिथे कसे दिसणार?

८/ ही फट बुजवायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. २०११ मध्ये ‘सेरसाई’ ही तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी सुरू झाली. तिथे शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून दस्त ठेवून केलेल्या गहाणाची सूचना ३० दिवसांत निबंधकाकडे देणे बंधनकारक झाले. म्हणून शोध दोन्हीकडे घ्यावा लागतो.

९/ हप्ते थकलेल्या घरावर २००२ च्या सरफेसी कायद्याची छायाही असू शकते. आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. बँकेचा ताबा प्रत्यक्ष आहे की केवळ सांकेतिक, हे पाहणे अगत्याचे. सांकेतिक ताब्यात घरात कुटुंब राहत असते. लिलावाच्या नोटिशीत बँकेने ‘आपल्याला ज्ञात असलेले’ बोजे सांगायचे असतात. अज्ञात बोजे खरेदीदाराच्या वाट्याला येऊ शकतात. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर घेतलेल्या मालमत्तेसोबत आधीच्या मालकाची वीजथकबाकीही येऊ शकते, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

१०/ १ मे २०१७ पासून महारेराने नव्या प्रकल्पांच्या विक्रीत मध्यस्थांना शिस्त लावली. पण लोक राहत असलेल्या जुन्या सदनिकेच्या पुनर्विक्रीत दक्षता अजूनही बरीचशी माणसावरच अवलंबून आहे. तिथे दार उघडण्याआधी पाहायचे ते असे : सूची क्रमांक २ आणि सेरसाईचा शोध, थकीत रकमेचे बँकेचे पत्र, कमी रकमेवर गहाण सोडण्याची तिची लेखी संमती आणि त्या संमतीची मुदत, सर्व सहमालक व सहकर्जदारांचा होकार, सोसायटी, मालमत्ता कर आणि वीज यांची थकबाकी.

११/ आज वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात. ती जुन्या गोतसभेची दूरची वारस म्हणता येईल. फरक क्रमाचा आहे. पूर्वी साक्ष आधी होती; आता पुष्कळदा घर आधी आवडते, टोकनची रक्कम दिली जाते आणि नोटीस नंतर निघते. मधल्या काळात बँकेने नकार दिला, तर अडचणीतल्या मालकाकडे परत करायला पैसे नसतात. ते बहुधा हप्त्यांत गेलेले असतात. तेव्हा दोन कुटुंबे एकाच घरात अडकतात. एक बाहेर पडू शकत नाही, दुसरे आत येऊ शकत नाही. दप्तर आधी उघडले, तर निदान दुसरे कुटुंब वाचते. (समाप्त)