सान मारिनोच्या वाटेवर

इटलीत गेलात आणि एक दिवस मोकळा असला, तर रिमिनी स्टेशनजवळून सान मारिनोची बस पकडा. तासाभरात तुम्ही दुसऱ्या देशात असता. पासपोर्ट कुणी विचारत नाही. जेमतेम ६१ चौरस किलोमीटरचा देश. तितानो डोंगराच्या कड्यावर तीन बुरूज. गड चढत मोठे झालेल्या आपल्या लोकांना तटावरून खाली पाहताना परकं वाटत नाही.

मारिनुस नावाच्या पाथरवटाने इ.स. ३०१ मध्ये इथे वस्ती केली, अशी आख्यायिका. इतिहास म्हणून पक्कं आहे ते असं, की १२४३ पासून दर सहा महिन्यांनी इथे दोन राष्ट्रप्रमुख निवडले जातात. १७९७ मध्ये नेपोलियनने जास्तीचा मुलूख देऊ केला, तो यांनी नाकारला. १८४९ मध्ये पाठलागावर सैन्य असलेल्या गारिबाल्डीला मात्र आसरा दिला. मुलूख घ्यायचा नाही, दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, या धोरणावर हा देश टिकला. दुसऱ्या महायुद्धात स्वतःच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट, सुमारे एक लाख निर्वासित इथे राहिले. रेल्वेच्या बोगद्यांतही माणसं झोपत होती.

इथवरची गोष्ट पर्यटकांना सांगितली जाते. पुढची आपली आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्य या तटस्थ देशात शिरलं. त्याला हुसकावायचं काम चौथ्या भारतीय डिव्हिजनकडे आलं. १८ तारखेच्या रात्री नवव्या गुरखा रायफल्सचा शेर बहादूर थापा कड्यावर एकटा दोन तास लढला, आपली तुकडी सुखरूप मागे नेली, दोन जखमींना आणलं आणि तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २० तारखेला शहर सुटलं.

त्याच्या दोनच महिने आधी टायबरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे असेच एकट्याने लढून गेले. त्यांनाही तोच सन्मान मिळाला, पण थडगं नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

थापा मात्र तुमच्या बसच्या वाटेवरच आहे. रिमिनी-सान मारिनो रस्त्यालगत गुरखा युद्धस्मशान आहे: सहाशेहून अधिक थडगी, आणि ज्यांना अग्नी दिला गेला त्यांच्यासाठी वेगळं स्मारक. येताना तिथे उतरा. पुढची बस मिळेल.