फ्रूट सॅलडमधून आपलं संत्रं गायब कसं?

वरुड-मोर्शीकडच्या कुठल्याही लग्नात फ्रूट सॅलडच्या भांड्यात डोकावून पाहा. सफरचंद काश्मीरचं, द्राक्षं नाशिकची, डाळिंब सोलापूरकडचं, अननस डब्यातला. केळी फार तर आपल्या अकोट-अंजनगावची. आणि मंडपाच्या मागं ज्याचे बगीचे सुरू होतात ते संत्रं? ते नाही. आचाऱ्याला विचारलं तर एका वाक्यात निकाल लावतो, "टाकू नोका, दूध फाटते."

बरोबरच आहे त्याचं. पण मित्रहो, गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

घाईचं गोड आपल्याला नवीन नाही. अचानक पाहुणा आला की केळी, दूध, साखर, झालं शिकरण. आंबट फळ दुधात घालू नये हेही जुनंच, चरकसंहितेत ते विरुद्ध आहारात मोजलंय. नवीन आली ती पावडर. १८३७ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं ती केली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. ज्या कस्टर्डचा जीवच अंड्यात, त्यातून त्यानं अंडं काढलं आणि मक्याचं पीठ घातलं. बायकोसाठी केलेली ही सोय पुढं आपल्याकडच्या शाकाहारी घरांच्या कामी आली. १९५६ मध्ये पुण्यात वीकफील्ड सुरू झाली, आणि हळूहळू किराणा दुकानात कस्टर्डचा डबा साखर-चहाच्या शेजारी बसला. दोन चमचे पावडर, अर्धा लिटर दूध, घरात असतील ती फळं. आमच्याकडे तर कोणी 'कस्टर्ड' म्हणतच नव्हतं, सरळ 'फ्रूट सॅलड'.

म्हणजे सोपं गोड कोणतं? जे पाकिटात नाहीतर डब्यात मिळतं ते. अननस डब्यात गेला म्हणून वऱ्हाडात पोचला. मग संत्रं डब्यात का नाही गेलं?

प्रयत्न झाले होते. 'नोगा'चा जॅम, सॉस आपण खाल्लेला आहे. ते नाव कशावरून आलं हे मात्र आता फारसं कोणाला ठाऊक नसतं. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन! संत्रा बागायतदारांच्या संघटनेचं नाव आहे ते. १९७२ मध्ये हा कारखाना राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. आज 'नोगा' म्हटलं की लोकांना टोमॅटो सॉस आठवतो, हे मला जरा लागतंच.

दोष सगळा सरकारचा नाही, फळाचाही स्वभाव आहे. घरी रस काढून दोन-चार तास ठेवा, कडू होतो. फळात नसलेला कडूपणा रसात येतो कुठून? बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात एक घटक असतो. फळ पिळलं की तो रसातल्या आंबटपणाला भेटतो आणि त्याचं लिमोनिन बनतं. तापवलं की आणखीच. कडूपणा काढायचं तंत्र आहे, पण त्याला खर्च येतो. शिवाय सोलायला सोपं आणि नाजूक हा आपल्या संत्र्याचा जो गुण, तोच यंत्रापुढं अवगुण ठरतो. नागपुरात १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, २०१४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तरी बहुतेक माल ताजाच विकावा लागतो.

आणि ताजाच विकायचा म्हणजे गिऱ्हाईकाच्या दारात ताटकळायचं. आपला मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. तिथं २०१९ मध्ये किलोला २० टका असलेलं आयात शुल्क २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेलं आणि वरुडच्या बगीच्यात भाव पडले. शेवटी राज्य सरकारला निम्मा भार उचलायची घोषणा करावी लागली. लहान आकाराच्या फळाला तर असाही भाव नसतो. डब्यात, रसात, पाकिटात जायला हवं होतं ते हेच फळ. माझ्या मते अनुदानाच्या आधी या लहान फळाचं गिऱ्हाईक शोधायला पाहिजे होतं.

तोवर घरच्यापुरतं सांगतो. दूध फाटतं ते संत्रं आधी घालून ठेवल्यामुळं. कस्टर्ड घट्ट शिजवा, फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. फोडींवरचं पातळ साल आणि बिया काढून गर चाळणीवर निथळत ठेवा. वाढायच्या वेळी वाटीत कस्टर्ड, वर गर. ढवळायचं नाही, लगेच खायचं. निथळलेला रसही तेव्हाच पिऊन टाका. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, लग्नसराई तोंडावर असते तेव्हाच. आचाऱ्याला भांड्यात टाकायला सांगू नका, तो ऐकणार नाही. गराची परात वेगळी ठेवायला सांगा.