शून्याची नोंद

नववीच्या प्रयोगवहीत लंबकाची शेवटची तीन निरीक्षणं मी न घेताच लिहिली होती. सरांनी वही पाहून एवढंच विचारलं, "हे मोजलंस की रचलंस?" मी "मोजलं" म्हणाले. सर, आज या स्मरणिकेत कबूल करते, रचलं होतं.

नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये असते आणि उन्हाळ्यात हौशी स्वयंसेवक म्हणून फुलपाखरं मोजते. ही पद्धत अर्नेस्ट पोलार्ड यांची. पूर्वी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे बराचसा जाळी, टाचण्या आणि काचेची पेटी. पेटीवरून जात कळते, पण ती वाढते आहे की घटते, ते कळत नाही. १९७३ मध्ये केंब्रिजशरमधल्या मंक्स वूड येथे पोलार्ड यांनी ठरलेल्या वाटेवरून चालत मोजणी सुरू केली. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला एकदा. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यात दिसेल तेच धरायचं. तापमान १३ अंशांखाली असेल तर मोजणी नाही.

१९७६ साली ही योजना देशभर सुरू झाली आणि त्याच उन्हाळ्यात भीषण दुष्काळ पडला. ओलसर सावलीतलं रिंगलेट त्यानंतर बऱ्याच ठिकाणी घटलं. ती घट दिसली, कारण लोकांनी कमी आकडेही प्रामाणिकपणे लिहिले होते.

गेल्या ऑगस्टच्या अखेरीस माझ्या वाटेच्या एका टप्प्यावर एकही फुलपाखरू दिसलं नाही. आदल्या आठवड्यात तिथेच पाच गेटकीपर होती. ऊन होतं, वारा नव्हता. एखादं नजरेतून सुटलं असेल, "१" लिहावं, असं वाटलं. बघणारं कुणी नव्हतं. पण सरांचा प्रश्न आठवला आणि मी "०" लिहिलं.

शाळेमागच्या लिंबावर मोठं काळं-निळं फुलपाखरू यायचं, आठवतं? ते ब्लू मॉर्मन. २०१५ मध्ये ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. आपल्या वेळी किती यायची, हे आपल्यापैकी कुणीच लिहून ठेवलं नाही. त्यामुळे आता ती कमी झाली का, हे सांगता येत नाही.

मेळाव्याच्या दिवशी त्या लिंबाजवळ पंधरा मिनिटं उभं राहू या. वही मी आणते. एकही आलं नाही तरी तसंच लिहू, आणि सही सरांची घेऊ.