मेंदूचे अनाक्रमक उद्दीपन व प्रेरक लवचीकता

कवटी न उघडता, डोक्याच्या बाहेरून चुंबकीय स्पंद किंवा सौम्य विद्युतप्रवाह देऊन मेंदूचे कार्य बदलण्याच्या तंत्रांना मेंदूचे अनाक्रमक उद्दीपन म्हणतात. ऐच्छिक हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या प्रेरक बाह्यकावर अशा उद्दीपनाने झालेला बदल उद्दीपन थांबल्यावरही काही मिनिटे ते सुमारे तासभर टिकू शकतो. या टिकून राहणाऱ्या बदलास प्रेरक लवचीकता असे संबोधले जाते.

पार्श्वभूमी

एकत्र कार्यरत होणाऱ्या चेतापेशींमधील जोडणी बळकट होते, ही कल्पना डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडली. १९७३ मध्ये टिमथी ब्लिस व टेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत तिला प्रायोगिक आधार दिला. मात्र जिवंत माणसाच्या मेंदूत विद्युतअग्र खुपसून असा प्रयोग करता येत नाही. १९८० मध्ये मर्टन व मॉर्टन यांनी डोक्याच्या त्वचेवरून विद्युतधक्का देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले, परंतु तो प्रकार वेदनादायक होता. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी चुंबकीय उद्दीपन यशस्वी केले आणि ही अडचण दूर झाली. वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला की सुमारे १ ते २ टेस्ला तीव्रतेचे, अत्यल्पकाळ टिकणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते कवटी विनासायास पार करते आणि फॅरेडेच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमानुसार मेंदूच्या पृष्ठभागाजवळ विद्युतप्रवाह निर्माण करते.

मापन

या अभ्यासासाठी प्रेरक बाह्यक निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे. येथे दिलेल्या स्पंदाचे उत्तर थेट स्नायूत दिसते. हाताच्या भागावर एक स्पंद दिला की सुमारे २० मिलिसेकंदांनी अंगठ्याच्या किंवा तर्जनीच्या स्नायूत विद्युतप्रतिसाद उमटतो. त्वचेवर चिकटवलेल्या विद्युतअग्रांनी तो नोंदवतात. उद्दीपनाच्या आधी व नंतर, तितक्याच तीव्रतेच्या स्पंदाला मिळणाऱ्या प्रतिसादाची उंची ताडून पाहिली जाते. उंची वाढली तर उत्तेजनक्षमता वाढली, घटली तर घटली, असे मानतात. स्मृती किंवा भावना यांच्याशी निगडित क्षेत्रांबाबत इतके सरळ माप उपलब्ध नाही. तरीही एकाच व्यक्तीत एकामागून एक घेतलेले प्रतिसादही बरेच कमीजास्त असतात, म्हणून अनेक स्पंदांची सरासरी घ्यावी लागते.

पद्धती

पुनरावर्ती चुंबकीय उद्दीपनात सेकंदाला सुमारे १ स्पंद दिल्यास उत्तेजनक्षमता सहसा घटते, तर सेकंदाला ५ किंवा अधिक दिल्यास वाढते. २००५ मध्ये लंडन येथील यिंग-झू हुआंग, जॉन रॉथवेल व सहकाऱ्यांनी थीटा बर्स्ट पद्धत प्रसिद्ध केली. तीत ५० हर्ट्झ वेगाने ३ स्पंदांचा झुपका दिला जातो व असे झुपके सेकंदाला ५ वेळा येतात. एकूण ६०० स्पंद सलग दिले की ४० सेकंदांत काम संपते व प्रतिसाद दबतो. तेच स्पंद २ सेकंद उद्दीपन व ८ सेकंद विराम अशा क्रमाने दिले तर प्रतिसाद वाढतो.

हेब यांच्या कल्पनेशी सर्वांत थेट नाते जोडणारी पद्धत म्हणजे जोड-उद्दीपन. योसेफ क्लासेन यांच्या गटाने ती २००० मध्ये मांडली. मनगटावरील चेतेला विद्युतस्पंद दिला की त्याची वार्ता सुमारे २० मिलिसेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. त्या स्पंदानंतर २५ मिलिसेकंदांनी चुंबकीय स्पंद दिला तर वार्ता आधी पोहोचलेली असते आणि जोडी वारंवार दिल्यावर प्रतिसाद वाढतो. हेच अंतर १० मिलिसेकंद ठेवले तर चुंबकीय स्पंद आधी लागू होतो आणि प्रतिसाद घटतो. अवघ्या १५ मिलिसेकंदांच्या फरकाने परिणामाची दिशा उलटते, हे येथे लक्षणीय आहे.

एकदिश विद्युतप्रवाहाची पद्धत २००० मध्ये ग्योटिंगेन येथील मायकेल निट्श व वॉल्टर पाउलस यांनी पुढे आणली. १ मिलिअँपिअरच्या प्रवाहाने चेतापेशी थेट उद्दीपित होत नाहीत, त्यांच्या पटलावरील विद्युतदाब किंचित बदलतो. प्रेरक क्षेत्रावर धनाग्र असल्यास उत्तेजनक्षमता वाढते व ऋणाग्र असल्यास घटते. मात्र हा नियम सरसकट लावता येत नाही. २ मिलिअँपिअरचा ऋणाग्र प्रवाह २० मिनिटे दिला असता उत्तेजनक्षमता उलट वाढल्याचे २०१३ मध्ये आढळले.

या परिणामांमागे खरोखर सायनॅप्समधील बदल आहेत काय, हे औषधांच्या साहाय्याने तपासले गेले. खोकल्याच्या औषधांत वापरले जाणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन एनएमडीए ग्राही अडवते. ते दिले असता विद्युतप्रवाहाचा पश्चात्-परिणाम नाहीसा होतो. थीटा बर्स्टबाबत मेमॅन्टिनने असेच घडते. हा पुरावा अप्रत्यक्ष असला तरी वजनदार आहे.

मर्यादा

आरंभीच्या लहान प्रयोगांनी निर्माण केलेला उत्साह पुढे ओसरला. २०१३ मध्ये मासाशी हमादा व सहकाऱ्यांनी ५२ निरोगी व्यक्तींवर थीटा बर्स्टचे दोन्ही प्रकार वापरले. सरासरीने पाहता कोणताही ठळक परिणाम दिसला नाही. काहींत अपेक्षित, तर काहींत नेमका उलट बदल झाला. चुंबकीय स्पंद बाह्यकातील कोणत्या चेतापेशींना प्रथम जागे करतो, हे व्यक्तिगणिक वेगळे असते व फरकाचा बराचसा भाग त्याच्याशी संबंधित होता. वय, दिवसाची वेळ आणि प्रयोगापूर्वी स्नायूंची हालचाल झाली होती का, यांचाही प्रभाव पडतो.

उपचारातील उपयोग

पक्षाघातानंतर मेंदूचा निरोगी अर्धगोल बाधित अर्धगोलास अधिक दाबतो, या गृहीतकावरून निरोगी बाजूस मंद गतीचे स्पंद देऊन हाताची हालचाल सुधारण्याचे प्रयत्न झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १९९ रुग्णांच्या बहुकेंद्री चाचणीत मात्र खरे उद्दीपन व उद्दीपनाचा केवळ देखावा या दोन्ही गटांत जवळपास दोन-तृतीयांश रुग्ण सुधारले. दोन्ही गटांना हाताचे व्यायाम दिलेले होते. त्यामुळे हे गृहीतक सर्व रुग्णांना लागू पडते काय, यावर वाद आहे.

सुरक्षितता

चुंबकीय उद्दीपनाचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे अपस्माराचा झटका. तो विरळा आहे, पण त्यामुळेच स्पंदांची तीव्रता, वेग व संख्या यांच्या मर्यादा ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढे सुधारली गेली. डोक्यात लोहयुक्त धातूचे तुकडे किंवा कानात कॉक्लिअर रोपण असलेल्यांवर हे उद्दीपन केले जात नाही. स्पंदाचा आवाज मोठा असल्याने कानांना संरक्षण द्यावे लागते. विद्युतप्रवाहाच्या पद्धतीत त्वचेला खाज व लाली येणे हे सामान्य दुष्परिणाम होत. तिची साधने स्वस्त व सोपी असल्याने घरगुती प्रयोगही होतात, परंतु विद्युतअग्राची जागा व प्रवाहाचे प्रमाण बदलले की परिणामाची दिशा बदलू शकते, म्हणून तज्ज्ञ ते टाळण्यास सांगतात.